म्हातारीची बुडी

म्हातारी बुडाली. वारा नाही, लाट नाही, शत्रू नाही, अशा भर शांततेत, ऐन नाश्त्याच्या वेळी, धक्क्याला बांधलेलं नौदलाचं एक लढाऊ जहाज उजव्या कुशीवर वळलं, त्याने एक लांब ढेकर दिला आणि ते तळाला जाऊन बसलं. वर उरली डोलकाठी. आत उरला एक माणूस.

हे असं झालं. आता ते झालंच नाही असं धरून चालायचं, कारण दुपारपर्यंत तसं ठरलं होतं.

म्हातारी खाली जात होती तेव्हा तिचा आचारी धक्क्यावर रांगेत उभा होता. सगळेच उभे होते. केसांची तपासणी होती. महिन्याअखेरीला ताफ्याची सलामी होती, सलामीला मोठे पाहुणे येणार होते, आणि मोठ्या पाहुण्यांना लांबून खलाशांच्या मानेवरचे केस दिसतात असा मुख्यालयाचा ठाम समज होता. म्हणून जहाजाला रंगाचा नवा हात दिला होता आणि खलाशांना वस्तऱ्याचा. आचाऱ्याच्या शेजारी त्याचा दाजी होता, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी म्हातारीचा पंपवाला. म्हातारीच्या पोटाखालची एक झडप कुजली होती. दाजीने हे वर कळवलं होतं, पुन्हा कळवलं होतं, आणि उत्तरादाखल वरून रंगाचा डबा आला होता.

जहाज तिरकं दिसायला लागलं तशा रांगेतल्या सगळ्या माना तिरक्या झाल्या. कमांडरसाहेब म्हणाले, माना सरळ. मग त्यांनाही दिसलं.

"पंपवाल्या, बघ जरा काय झालंय."

दाजी रांगेतून निघाला. जाताजाता आचाऱ्याला हळूच म्हणाला, "माझे केस वाचले बघ."

बाकीच्यांनी हलायचं नव्हतं. तपासणी सुरू झाली होती, सुरू झालेली तपासणी थांबवायचा अधिकार तपासनिसाचा, आणि तपासनीस चहा घ्यायला गेला होता. म्हणून नौदलाच्या एका जहाजाचे झाडून सगळे खलाशी आपलं जहाज पाण्यात जाताना ताठ मानेने बघत उभे राहिले. केस मात्र सगळ्यांचे व्यवस्थित होते.

दाजी खाली गेला तो पंप सुरू करायला. खाली पंप नव्हता. आख्ख्या ताफ्यात चालू स्थितीतला पंप एकच होता. चार भावांत एकच कोट असावा आणि ज्याची मुलाखत असेल त्याने तो घालून जावं, तसा तो पंप ज्या जहाजाची पंपतपासणी असेल त्या जहाजावर आदल्या संध्याकाळी पोचायचा. त्या दिवशी म्हातारीचे केस तपासायचे होते आणि शेजारच्या जहाजाचा पंप. म्हातारीवरून पंप उचलून नेलाय, हे दाजीला सांगायचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे शब्द कमांडरसाहेबांचेच. एखाद्याकडे छत्री राहून जावी अशा सुरात ते नंतर बोलले.

आता मुख्यालयाला कळवणं आलं. हे काम तोफेने केलं. तोफ म्हणजे म्हातारीवरचा सगळ्यांत जुना खलाशी. त्याने गुपित सांगितलं तरी पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जायचं, म्हणून तोफ. पहाऱ्याच्या खोलीतला टेलिफोन उचलून तो ओरडला, "मुख्यालय? साहेब, आमची म्हातारी बुडा..." आणि लाइन गेली. टेलिफोनची तार म्हातारीच्या कठड्यावरून ओढलेली होती. जाताना म्हातारी ती घेऊन गेली.

पलीकडे ज्या कारकुनाने हा निरोप घेतला त्याला नोकरीत एकच गोष्ट शिकवली होती: अर्धवट निरोप वर पाठवायचा नाही. हातात अर्धा शब्द. 'बुडाली' करावं, तर धक्क्याला दोरांनी बांधलेलं, नुकतंच रंगवलेलं जहाज बुडेल कसं? माणूस हुशार होता. त्याने शेपूट छाटली, नवी लावली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: जहाजाने बुडी घेतली.

बुडणं आणि बुडी घेणं यांत फरक काय, तर बुडणारा वर येत नाही, आणि बुडी घेणाऱ्याच्या वर येण्याची कुणी काळजी करत नाही.

हा कागद दुसऱ्या कुठल्या नौदलात गेला असता तर कुणीतरी डोकं खाजवलं असतं. या नौदलात तो योग्य जागी गेला. इथे जहाजं बारा होती आणि ॲडमिरल अठरा, म्हणजे दर जहाजामागे दीड. पूर्वेचा ताफा वेगळा, पश्चिमेचा वेगळा, दोघांची मुख्यालयं वेगळी, नकाशे वेगळे, भांडणं जुनी; उभे मात्र दोन्ही ताफे एकाच धक्क्याच्या दोन अंगांना असायचे, कारण धक्का एकच होता. याशिवाय एक पाणबुडी शाखा होती. तिला ॲडमिरल होता, तीन मजल्यांची कचेरी होती, बिल्ला होता, बँड होता. नव्हती ती फक्त पाणबुडी. ती कित्येक वर्षं 'मिळण्याच्या बेतात' होती. पाणबुडी शाखेचे साहेब सकाळी कचेरीत यायचे, खिडकीतून समुद्राकडे बघायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. त्या सकाळी त्यांच्या टेबलावर कागद आला की ताफ्यातल्या एका जहाजाने बुडी घेतली. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेल्यांच्या वाट्याला दुसरीकडचं पाणी आलं.

इकडे धक्क्यावर आवाज येत होता.

रांग मोडून आचाऱ्याने उडी मारली होती. एकदा, दोनदा, पाचदा. म्हातारीच्या खालच्या दारापर्यंत त्याचा दम पुरत नव्हता. बोटं सोलून तो वर यायचा आणि परत जायचा. शेवटी त्याने डोलकाठीला मिठी मारली, जरा श्वास घ्यावा म्हणून कान तिला टेकवला, आणि त्याला ऐकू आलं. ठक, ठक. मग थोडं थांबून पुन्हा. कुणीतरी लोखंडावर लोखंड मारत होतं. आत कुठेतरी हवा अडकली होती आणि त्या हवेत दाजी बसला होता.

पाणबुडे काही दूरदेशी नव्हते. त्यांची तुकडी शेजारच्याच गोदीत होती; टाक्या, नळ्या, कापायची यंत्रं, सगळं धुऊनपुसून सलामीसाठी मांडून ठेवलेलं. आचारी ओल्या कपड्यांनी तिथे धावला. त्यांचा नायक लगेच उठला, बूटसुद्धा काढले, आणि म्हणाला, "फक्त हुकूम आण. बुडालेल्या जहाजात उतरायचा हुकूम. तेवढा आला की आम्ही आलो." त्या माणसात खोट नव्हती. तो बूट काढून संध्याकाळपर्यंत तयार बसून होता.

हुकूम आणायला कमांडरसाहेब मुख्यालयात गेले. गेले ते 'बुडाली' म्हणायला. तिथे दारातच त्यांच्या गळ्यात हार पडला, पाणबुडी शाखेच्या साहेबांनी मिठी मारली, बँड वाजला. या सगळ्या वाजतगाजत मामल्यात 'बुडाली' म्हणायला एक बारीकशी फट मिळाली होती म्हणतात. कमांडरसाहेबांनी त्या फटीकडे पाहिलं. बुडालेल्या जहाजाच्या कमांडरची चौकशी होते. बुडी घेतलेल्या जहाजाच्या कमांडरला बढती मिळते. ते गेले होते जहाज गमावून, परत आले ते देशातल्या पहिल्या पाणबुडीचे कप्तान होऊन, छातीवर नवा बिल्ला लावून.

"आवाज येतोय साहेब," आचारी म्हणाला. "जिवंत आहे तो. पाणबुड्यांना हुकूम द्या."

कमांडरसाहेबांनी टेलिफोन दुरुस्त करून घेतला, मुख्यालयाला विचारलं, आणि पलीकडून आलेलं उत्तर आहे तसं वाचून दाखवलं: आतून ठोकण्याचा आवाज येत असल्यास कर्मचारी कार्यरत असल्याचे समजावे.

आचाऱ्याची ताई तोवर आली होती. ती नौदलाच्याच निशाणघरात शिवणकाम करायची. जहाजं एकमेकांशी ज्या रंगीत निशाणांनी बोलतात ती सगळी तिच्या मशिनीखालून जायची. जहाजाला काय म्हणायचंय हे तिला जहाजाआधी कळायचं असं दाजी म्हणे. तिच्या गळ्यात मापाची पट्टी होती आणि हातात कात्री राहिली होती. आचाऱ्याने तिला होडीत घातलं आणि डोलकाठीशी नेलं. तिने कान लावला. मग कात्री उलटी धरून तिने लोखंडावर दोन टोले मारले आणि वाकून, अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "अहो."

आतून दोन टोले आले.

"मी आहे," ती म्हणाली. "हे लोक येतायत. जरा दम धरा."

संध्याकाळ व्हायच्या आत टोले विरळ झाले. मग नुसतं खरवडल्यासारखं काहीतरी. मग तेही नाही. पाणबुड्यांच्या नायकाने बूट घातले. तोफ, ज्याच्या आवाजाने खिडक्या थरथरायच्या, तो धक्क्याच्या कडेला बसून कुणाला ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणाला, म्हातारी मेल्याचं दुःख नाही रे, पण काळ सोकावतो. तेवढ्यात मुख्यालयाचा पुढचा निरोप आला: पाणबुडीने पूर्ण शांतता पाळायला सुरुवात केली असून ही बाब प्रशिक्षणाच्या दृष्टीने समाधानकारक आहे.

दुसऱ्या दिवसापासून एका शब्दाला बंदी आली. कुठेही, कुणीही, कशाच्याही बाबतीत 'बुडालं' म्हणायचं नाही. धक्क्यावरच्या कँटीनमध्ये चहात बिस्किट पडलं तर बिस्किटाने बुडी घेतली असं खलाशी गंभीर चेहऱ्याने एकमेकांना सांगू लागले. सुरुवातीला लोक हसत. आचारी हसला नाही, उलट बिस्किटवाल्याची कॉलर धरली, तेव्हापासून त्याच्यासमोर कुणी बिस्किट खाईना.

सकाळी हजेरी व्हायची. ती आता पाणबुडी शाखेचा एक तरुण साहेब घ्यायचा. गोरागोमटा, इस्त्रीतला, पाण्याची वाफसुद्धा न लागलेला. तो डोलकाठीकडे तोंड करून पुकारायचा, "पंपवाला." उत्तर यायचं नाही. पाणबुडीत शांतता पाळायची असते. तो लिहायचा: हजर.

आणि आचाऱ्याला हुकूम आला की जहाजावरच्या तैनात कर्मचाऱ्याचं जेवण खंडित होता कामा नये. म्हातारीचा भटारखाना तर खालीच होता, म्हणून धक्क्यावर एक शेगडी मांडून दिली. तिथे तो एका माणसाचं जेवण रांधायचा. अंडी, बटाटे, पाव. एरवी नव्वद माणसांचा रगाडा उपसणारा हात. एकाचं माप त्याला येईना, सारखं जास्त व्हायचं, आणि जास्त झालेलं कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही. डब्यात भरून तो डबा दोरीने डोलकाठीच्या कडेने खाली सोडायचा, आणि संध्याकाळी वर ओढायचा. डबा रिकामा यायचा. माशांना त्या बंदरात इतकं गरम अन्न पूर्वी कधी मिळालं नव्हतं. रिकामा डबा बघून तरुण साहेबाने वर कळवलं की पंपवाल्याची तब्येत ठणठणीत आहे आणि भूकही चांगली आहे.

ते ऐकून आचाऱ्याची तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्याने डब्याला झाकण लावलं, झाकणावर तार गुंडाळली, तार पकडीने आवळली. संध्याकाळी डबा वर आला तो गच्च भरलेला. तो त्याने तसाच कचेरीत नेला आणि तरुण साहेबाच्या टेबलावर आपटला. झाकण उडालं. बटाटे साहेबाच्या कागदांवर गेले.

"बघा. खाल्लं नाही त्याने. सांगा आता, का नाही खाल्लं?"

साहेबाने बटाटा बोटाने दाबून पाहिला.

"मीठ जास्त झालं असेल."

आचाऱ्याने टेबलाची कड अशी धरली की बोटांची सोललेली सालं पुन्हा उलली. मारायला हात उचलला असता तर बरं झालं असतं असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण हा पोरगा खरंच विचार करून बोलला होता. ते सगळ्यांत भयंकर होतं. मारावं कुणाला? झडपेचा कागद रंगाच्या खात्यात गेला होता, पंप शेजारी गेला होता, तपासनीस चहाला गेला होता, शब्द अर्धा गेला होता. सगळे कुठे ना कुठे गेलेले. जागेवर सापडला तो एकटा दाजी.

तो कमांडरसाहेबांकडे गेला. साहेब हल्ली माणसांकडे न बघता त्यांच्या डोक्यावरून बघायचे, जणू तिथे एक लहानशी दुर्बीण असावी. तो म्हणाला की नौदलाने जहाजाला पाणबुडी म्हणावं, विमान म्हणावं, काय वाट्टेल ते म्हणावं, त्याचं काही म्हणणं नाही. त्याला फक्त त्याचा माणूस बाहेर काढून हवाय. ताईला हवाय. पाणबुडे एक दिवस द्या.

साहेबांनी समजावलं. कामावरच्या पाणबुडीत बाहेरून माणसं शिरली तर तो हल्ला ठरतो. हल्ला झाला की प्रत्युत्तर द्यावं लागतं. प्रत्युत्तर कोण देणार? "पंपवाला," साहेब म्हणाले, आणि खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर डोलकाठीवर एक पाणपक्षी बसला होता. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पोरं किती त्याला?"

"एक मुलगी."

"सांग तिला, तिचे वडील देशातले पहिले पाणबुडी सैनिक आहेत."

"तुम्हीच सांगा साहेब. तुमचा गळा हारांना सरावलाय."

एरवी एवढ्या बोलण्यावर माणसाला आठ दिवस कोठडी मिळते. साहेबांनी नुसतं, जा, म्हटलं.

ताईकडे त्याच सुमारास नवं कापड आलं. सलामीसाठी पाणबुडी शाखेचं मोठं निशाण शिवायचं होतं, निळ्या पट्ट्यावर पांढरा मासा. तिने घडी मोडली नाही. निशाणघराच्या मुकादमाने विचारलं तेव्हा म्हणाली, "मला आधी सांगा मी कोण. खलाशाची बायको की विधवा? तसं मशीनवर बसते." मुकादम भला माणूस होता. तो म्हणाला की हे त्याच्या अखत्यारीत येत नाही. तिने दोन मजले वर विचारलं. तिथेही येत नव्हतं. ज्याच्या अखत्यारीत येतं त्याला भेटायला ज्याची परवानगी लागते तो रजेवर होता. कापड परत गेलं आणि निशाण बाहेरून शिवून आलं. मासा उलटा बसला होता, पोट वर. मेलेला मासा असाच तरंगतो हे कोळ्याचं पोरही सांगेल, पण मुख्यालयात कोळ्याचं कुणी नव्हतं.

लोक म्हणतात ताई त्या दिवसांत मुख्यालयाला पाण्यात पाहत होती. खोटं आहे. पाण्यात ती फक्त एकालाच पाहत होती. कामावरून सुटली की धक्क्यावर यायची, कडेला उभी राहायची, आणि काळोख पडायच्या आत घरी जायची, कारण घरी मुलगी विचारायची, बाबा आले का, आणि नाही हे उत्तर वेळेवर द्यावं लागायचं.

सलामीचा दिवस उजाडला. अकरा जहाजं एका ओळीत लागली, झेंडे-पताका लावून, कठड्यांशी खलाशी एकसारख्या माना करून उभे. बाराव्या जागी पाणी होतं. पाण्यातून डोलकाठी वर आली होती, तिला पांढरा रंग दिला होता आणि टोकाला पोट वर केलेला मासा फडफडत होता. म्हातारीचे खलाशी धक्क्यावर उभे होते. मोठ्या पाहुण्यांची नौका एकेका जहाजासमोरून गेली. पाहुणे प्रत्येक जहाजाला सलाम करत. बाराव्या जागी आले तेव्हा त्यांनी पाण्याला सलाम केला. जरा जास्तच वेळ केला. पाणी हललं नाही म्हणून ते खूश झाल्यासारखे वाटले.

मग धक्क्यावर उतरून त्यांनी रांगेतल्या लोकांशी चार शब्द बोलायचे, असा कार्यक्रम होता. बरोबर पाणबुडी शाखेचे साहेब, मागे कमांडर. तोफेला विचारलं, नोकरी किती झाली. तोफेने सांगितलं आणि पाहुण्यांच्या कानाला दडे बसले. म्हणून पुढच्या माणसापाशी ते किंचित कान चोळतच आले. पुढचा माणूस आचारी.

"तू आचारी? छान. खालच्या लोकांना जेवण आवडतं का?"

हे वाक्य मनात किती दिवस तयार होतं. आचाऱ्याने ते ओरडून म्हटलं नाही. कुणाला पाण्याचा पेला द्यावा तसं म्हटलं.

"साहेब, म्हातारी बुडाली. खाली कुणी लोक नाहीत. एकच होता, माझा दाजी. संध्याकाळपर्यंत जिवंत होता, आतून ठोकत होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. यांनी पाणबुडे दिले नाहीत, म्हणून मेला."

धक्क्यावर एवढी शांतता झाली की मासा फडफडलेला ऐकू आला. पाहुण्यांनी भुवया उंचावून शेजारच्या साहेबांकडे पाहिलं. कानाचे दडे अजून सुटले नव्हते. "काय म्हणतोय?"

पाणबुडी शाखेचे साहेब वाकून त्यांच्या चांगल्या कानात म्हणाले, "म्हणतोय, बुडी घेतलीय. भावना अनावर झाल्यात त्याच्या."

"शाबास," पाहुणे म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर थोपटून पुढच्या माणसाकडे गेले.

आचारी वाट बघत राहिला. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात. पट्टे उतरवतील, कोठडीत टाकतील, निदान बोलावून आईबहिणीवरून शिव्या तरी देतील. त्याने सामान बांधून ठेवलं होतं. शिक्षा झाली असती तर ती कशाबद्दल हे कुणाला तरी लिहावं लागलं असतं, आणि ते एकदा लिहिलं गेलं असतं तर नौदलाच्या दप्तरात एका ओळीत का होईना, दाजी मेला असता. हे त्याच्याआधी मुख्यालयाला कळलं होतं. शिक्षा झाली नाही. उलट त्याला एक प्रमाणपत्र आलं, उत्तम आहारव्यवस्थेबद्दल. त्याने ते शेगडीत घातलं आणि त्यावर डब्यातला एका माणसाचा बटाटा उकळला, कारण हुकूम अजून मागे घेतला नव्हता.

त्या रविवारी तो ताईकडे गेला. मुलगी पाटीवर जहाज काढत बसली होती. त्याने ताईला सांगितलं की झालं, आता काही उरलं नाही, बोलून झालं, भांडून झालं, मोठ्यातल्या मोठ्या माणसाच्या तोंडावर म्हणून झालं. मेला हा शब्द हे लोक कधी म्हणणार नाहीत. दगडावर डोकं आपटलं तर दगडाला निदान रक्त तरी लागतं.

ताई इस्त्री करत होती. दाजीचा कामावरचा सदरा. तो ती दर रविवारी करायची, आणि आचाऱ्याला ते आज पहिल्यांदा दिसलं.

"मेला म्हणत नाहीत ना?" ती म्हणाली. "मग काय म्हणतात?"

"कामावर आहे म्हणतात."

"रोज?"

"रोज. हजेरी लागते की. एक दिवस खाडा नाही."

ताईने इस्त्री उभी केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं, पण कपड्यातली एखादी चूक सापडल्यावर, आणि ती चूक दुसऱ्याची आहे हे कळल्यावर शिवणाऱ्या बाईच्या तोंडावर जे येतं, ते होतं.

"कामावर आहे तर कामावरचा माणूसच ना तो. काम करणाऱ्या माणसाला रजा असते की नाही तुमच्यात?"

"असते," आचारी म्हणाला.

"लिही," ती म्हणाली. "तुझं अक्षर बरं आहे. मी सांगते तसं लिही, आणि रडू नकोस, शाई फुटेल."

सोमवारी ती दोघं पाणबुडी शाखेच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला की रजेचा अर्ज ज्याचा त्याने स्वतः येऊन द्यायचा असतो, गणवेशात. ताईने इस्त्री केलेला सदरा पिशवीतून काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. गणवेश हा, ती म्हणाली, आणि माणूस तुमच्याकडे आहे. कारकून बराच वेळ सदऱ्याच्या बटणांकडे बघत बसला. मग त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि वर पाठवला. तो अजून वरच आहे. त्यात लिहिलं होतं:

मा. प्रमुख, पाणबुडी शाखा, यांस. विषय: एक दिवसाची रजा मिळणेबाबत. महोदय, सदर पाणबुडीवरील पंपवाला हा बुडी घेतल्या दिवसापासून अखंड कामावर असून त्याची हजेरी पूर्ण आहे. वर्तन शांत आहे. त्याजविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही व त्यानेही कोणाची केलेली नाही. तरी त्यास एक दिवसाची रजा मंजूर करून वर पाठवावे. तो स्वतः येण्याच्या स्थितीत नसल्यास त्यास आणण्यासाठी पाणबुडे द्यावेत. शेजारच्या गोदीत आहेत. रजा संपताच आम्ही घरची माणसे त्यास आपल्या हातांनी, कोरड्या जागी, परत खाली पोचवू, आणि यापुढे त्याच्या रजेसाठी कधीही अर्ज करणार नाही. मंजुरी व्हावी, ही विनंती.